बारापैकी सात

गेल्या महिन्यात इथे, अमेरिकेत, पार्सिपनीच्या देशी दुकानात कढीपत्ता निवडत होतो, तर संजय लिमये भेटला. मी मोठ्या आपुलकीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "काय रे, काका कसे आहेत? बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत." हातातली पिशवी संजयने उगाच उलटसुलट केली आणि हळूच म्हणाला, "अरे निखिल, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली." हे मला माहीत असायला हवं होतं, कारण अंत्यविधीला लिमयेकाकांची शवपेटी पुढच्या डाव्या कोपऱ्याला मीच उचलली होती. माझ्या आकाराच्या माणसाला असली कामं न मागता मिळतात. पेट्या, पियानो, मंडळाच्या गणपतीची मूर्ती, सगळं. मी संजयची माफी मागितली, त्याने ती दिली, आणि गडबडीत मी कढीपत्त्याऐवजी कडुलिंबाची जुडी घेऊन घरी आलो.

माझ्या वयाची इतर माणसं असं काही विसरली की त्याचा किस्सा होतो. पुढच्या पॉटलकला, म्हणजे आपापले डबे आणून एकत्र जेवताना, चार लोक हसतात आणि विषय संपतो. मी विसरलो की आमच्या घरात किस्सा होत नाही. मेधा, म्हणजे माझी बायको, हातातलं काम थांबवते, "बरं" म्हणते आणि पुन्हा कामाला लागते. त्या "बरं"मध्ये काय काय असतं ते सांगायचं, तर मला माझ्या तरुणपणातल्या पाच वर्षांकडे जावं लागेल. त्या वर्षांना बाबा "निखिलची नोकरी" म्हणत आणि बाकीचे नातेवाईक नुसतं "ते निखिलचं" म्हणत.

मी पोटासाठी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हे ऐकलं की माणसं पुढे सरसावून विचारतात, बॉल फेकायचास की पकडायचास? दोन्ही नाही. माझ्यासारखे पाच जण एका ओळीत वाकून उभे राहतात. मागे बॉल फेकणारा गडी असतो, त्याला समोरच्या धटिंगणांनी आडवा करू नये म्हणून आमची भिंत. माझ्या जागेवरच्या माणसाने बॉलला हात लावायचा नसतो. समोरच्याला ढकलायचं, पण धरायचं नाही. धरलं की शिट्टी. पंगतीत वाढप्याचं असतं तसंच आमचं. नीट वाढलं तर त्याचा चेहरा कोणाला आठवत नाही, आमटी एखाद्याच्या मांडीवर सांडली की सगळा मांडव त्याचं नाव विचारतो. आडनाव धर्माधिकारी. इंग्रजीत ते एवढं लांब, की माझ्या पाठीवर एका काखेतून निघायचं ते दुसऱ्या काखेत संपायचं. स्टेडियममधल्या निवेदकाला ते वर्षातून दोनदाच उच्चारायची वेळ येई आणि दोन्ही वेळा मी कोणाला तरी धरलेलं असे.

आम्ही मूळचे सोलापूरचे. मी चार वर्षांचा असताना बाबा एका औषध कंपनीत इंजिनिअर म्हणून इकडे आले. आमचं घर हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. पहाटे ट्रकांची घरघर, मग कुकरच्या शिट्ट्या, मग गॅरेजचं दार वर जाताना म्हाताऱ्यासारखं कण्हायचं ते, असा आमचा सकाळचा क्रम. आईने मला मराठी लिहायला शिकवलं, रोज शाळेतून आल्यावर एक पान शुद्धलेखन. त्यामुळे या लेखनात जे बरं असेल ते तिचं. तिला मुलगा हुशार हवा होता, आणि मी वर्गात पहिला येतही होतो. पण त्याच वेळी मी वाढतही होतो, आणि ते कोणाला थांबवता येत नव्हतं. चौदाव्या वर्षी मी बाबांच्या डोक्यावरून फ्रिजवरचा डबा काढत असे. शाळेच्या कोचने घरी येऊन आईला सांगितलं की या मुलाला प्रोटीन पाहिजे, अंडी पाहिजेत.

आमच्या घरात अंडं शिजत नसे. आईने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी तिने एक विजेची शेगडी, वेगळा तवा आणि वेगळं उलथनं आणलं, आणि गॅरेजमध्ये बर्फाचं फावडं आणि गवत कापायचं यंत्र यांच्या मधे ओटा मांडला. देवाला गॅरेजमधलं दिसत नाही असं तिचं म्हणणं नव्हतं, पण तिथे त्याचा आग्रह नसतो असं तिने ठरवलं होतं. जानेवारीच्या सकाळी ती स्वेटरवर बाबांचा कोट चढवून दहा अंड्यांची भुर्जी करायची, आणि मी शेजारी उभा राहून ती तव्यातूनच संपवायचो. मग हात धुऊन घरात, तिथे भाकरी, शेंगाची चटणी, वाडगाभर दही. पोट भरलं की थांबायचं असतं हे सुख मला पंधराव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत माहीत नव्हतं. वजन टिकवणं हेच काम होतं. आता त्याच वजनासाठी डॉक्टर माझ्याकडे जीवघेण्या सौजन्याने बघतात, ती गोष्ट वेगळी.

बाबांना खेळ कळत नव्हता. पण मुलगा जे करतो ते समजलं पाहिजे म्हणून त्यांनी एक दुर्बीण आणली आणि सामनाभर ती फक्त माझ्यावर लावली. शेजारचे पालक उड्या मारत उठले की बाबा शांतपणे विचारायचे, "काय झालं?" घरी येताना गाडीत ते म्हणत, "बॉल कुठे गेला ते मला विचारू नकोस. तू कुठे होतास ते सांगतो." आणि खरोखर सांगत. अठराव्या डावात डावा पाय उशिरा उचललास. शेवटी दमलास तेव्हा हात खाली आले. जगात माझा खेळ पाहिलेला हा एकच माणूस, असं म्हणायला हरकत नाही. आई माझ्याकडे बघायची, पण ती मला लागलंय का एवढंच बघायची.

एका विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन नेलं. तिथून पुढे व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा माझं नाव कोणी घेतलं नाही. पण उन्हाळी शिबिरात धडका घ्यायला अंगं लागतातच, तसा मी आत शिरलो. बाबांनी त्याला बरोबर नाव दिलं. आजोबा कापडगिरणीत होते. तिथे बदली कामगार असत, रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, आत कोणी गैरहजर असला तर त्याच्या मागावर काम मिळे. "तू तसला बदली आहेस," बाबा म्हणाले, "फरक एवढाच की फाटक दर वेळी नवीन गावात असतं." पाच वर्षांत चार गावं झाली. सरावाला ठेवायचे, सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत उभं करायचे, आणि एखाद्या मंगळवारी एक तरुण कारकून कपाटाशी येऊन सांगायचा, "कोच बोलावतायत, प्लेबुक घेऊन ये." डावांची ती जाड वही बरोबर मागितली की समजायचं, परत द्यायची आहे. मग विमान, आईच्या गॅरेजमधला तवा, आणि पुढच्या फोनची वाट.

प्रत्येक नव्या संघाला आई मंडळात पेढे वाटायची. चौथ्यांदा पेढे आले तेव्हा जोशीकाकू म्हणाल्या, "निखिलची फार प्रगती दिसते हो, दर वर्षी नवी कंपनी." त्यांचे दोन्ही मुलगे संगणकात होते, तिथे कंपनी बदलणं म्हणजे बढती. आईने त्यांना दोन पेढे जास्त दिले.

मेधा या चौथ्या पेढ्यांच्या वेळी माझ्याशी लग्न करून बसली होती. ती नागपूरची, जर्सी सिटीत एका बँकेच्या प्रोग्रॅमिंगमध्ये. पहिल्यांदा सामना बघितल्यावर ती म्हणाली, "तुम्ही लोक पाच सेकंद मारामारी करता आणि मग मीटिंग घेता. आमच्या ऑफिसात मीटिंग आधी असते." तिची नोकरी पक्की आणि माझी बदलीची, म्हणून ती तिकडेच राहिली. चौथा संघ होता उत्तरेकडच्या एका थंड शहरात. तिथे माझ्या खोलीत टायरेल नावाचा एक जुना गडी होता, जॉर्जियाचा, अकरा वर्षं भिंतीत उभा राहिलेला. दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून तो मला धंद्यातल्या गोष्टी शिकवायचा.

त्यातली एक गोष्ट ही. मोसम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची संगणकावर एक परीक्षा होई. पडद्यावर बारा शब्द एकेक करून दाखवायचे, मग आकृत्या, मग बटणं दाबायचा खेळ, आणि शेवटी पुन्हा विचारायचं, ते बारा शब्द कोणते होते? हे तुमचं नेहमीचं माप. पुढे डोक्याला मार बसला तर हीच परीक्षा पुन्हा द्यायची. माप जुळलं तर खेळा, कमी आलं तर बसा. आणि बदली माणूस बसला की त्याची जागा गेली. टायरेल म्हणाला, "पहिल्या वेळी मठ्ठ हो. मग पुढे कितीही मार खाल्लास तरी तू आधीइतकाच मठ्ठ भरशील."

ज्या मुलाने तिसरीत नव्वदपैकी अठ्ठ्याऐंशी पडले म्हणून जेवण टाकलं होतं, त्याला मुद्दाम नापास होणं किती कठीण गेलं असेल याची कल्पना करा. बाराच्या बारा शब्द माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभे होते. मी सात लिहिले. कोणते पाच गाळायचे याचाही नीट विचार केला, सलग गाळले तर संशय येईल म्हणून. इतका अभ्यास करून नापास झालेला दुसरा मराठी माणूस नसेल. त्या रात्री मी मेधाला फोनवर ही हुशारी रंगवून सांगणार होतो, पण का कोण जाणे, सांगितली नाही.

नोव्हेंबरात आमच्या भिंतीतल्या डाव्या गार्डचा घोटा मोडला आणि मला सामन्याच्या मधेच आत पाठवलं. वीसेक मिनिटं खेळलो असेन. त्यात कोणाचा तरी गुडघा माझ्या शिरस्त्राणावर बसला. आवाज मोठा नव्हता, पाट आपटावा तेवढा. मी उठलो, योग्य बाजूला गेलो, पुढचा डाव खेळलो. पण संध्याकाळी बसमध्ये टायरेलने मला तिसऱ्यांदा तेच सांगितलं तेव्हा मला कळलं की आधी दोनदा मी विचारलं होतं. संघाच्या वैद्यकीय बाईंनी बुधवारी परीक्षेला बोलावलं. कोचने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, पास झालास तर रविवारी तू पहिल्यापासून खेळतोस. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी घरी फोन केला. आईबाबांनी विमानाची तिकिटं काढली, आणि मंडळातल्या तीस माणसांनी लिमयेकाकांच्या तळघरातल्या मोठ्या टीव्हीसमोर जमायचं ठरवलं.

परीक्षेत मी काही लपवलं नाही. उलट जीव ओतला. म्हटलं, थोडं कमी आलं तरी सातच्या वर राहू. बारा शब्द बघितले, मनात गोष्ट गुंफून ठेवले, आईने शिकवलं होतं तसे. शेवटी पडद्याने विचारलं तेव्हा त्या गोष्टीची सुरुवात हाती आली, आणि मग जिना उतरताना एक पायरी नसावी तसं झालं. मी बसलो, डोळे मिटले, कपाळ घासलं. जे आले ते लिहिले. बाई कागद बघून हसल्या. "सात. ऑगस्टमध्येही सात. तू अगदी तूच आहेस," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. काचेवर बारीक बर्फ पडत होता. ऑगस्टमधला सात आणि हा सात एक नव्हते, हे जगात फक्त मला माहीत होतं. पाच शब्द मी तेव्हा खिशात ठेवले होते. आता खिसा चाचपत होतो आणि तिथे काही नव्हतं. आजही मला त्या गाडीतल्या हीटरचा वास आठवतो. शब्द मात्र एकही आठवत नाही.

आणि तरी मी रविवारी खेळलो. यासाठी मी कोणाला दोष देत नाही. टायरेलने फक्त युक्ती सांगितली होती, लबाडी माझी होती. आईबाबा शनिवारी आले. आईने मोटेलच्या खोलीत धपाट्यांचा डबा उघडला, आणि तिथे तिचं गॅरेज नसल्यामुळे अंडी मात्र मी खाली नाश्त्याच्या हॉलमध्ये खाल्ली. रविवारी दुपारी सगळं छान झालं. आमच्या बॉल फेकणाऱ्याला माझ्या बाजूने कोणी शिवलं नाही, निवेदकाने माझं नाव एकदाही घेतलं नाही. कोचने पाठीवर हात ठेवला. लिमयेकाकांचा फोन आला, तळघरात सगळे खूश होते, जोशीकाकूंनी विचारलं की निखिल त्यातला नक्की कोणता.

सामना संपल्यावर संध्याकाळी आम्ही तिघं मोटेलवर आलो. आई मायक्रोवेव्हमध्ये धपाटे गरम करत होती. बाबा पलंगाच्या कडेला बसून दुर्बिणीच्या काचा पुसत होते. पुसून झाल्या तरी पुसत होते.

"आज तू शेजारच्याचं बघत होतास," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"उजवीकडच्याच्या पायाकडे. तो हलला की तू हलायचास. प्रत्येक डावात. आधी कधी बघत नव्हतास. तुला डाव माहीत असायचा."

मी म्हटलं, नवीन डाव होते, घाईत शिकलो. बाबा म्हणाले, "डाव नवीन नव्हते. आज दुसऱ्या डावात होती तीच पावलं तू विद्यापीठात असल्यापासून टाकतोस. मी तेवढंच तर बघत आलो आहे." ऐंशी हजार डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते या माणसाने पकडलं होतं, आणि तो मला रागावतही नव्हता. रागावला असता तर मी भांडलो असतो. त्याऐवजी मी सगळं सांगितलं. ऑगस्टचं, बुधवारचं, गाडीतलं.

बाबांनी दुर्बीण खाली ठेवली. "किती शब्द होते?"

"बारा."

"बुधवारी किती आले?"

"सात."

"आणि ऑगस्टमध्ये किती लिहिलेस?"

"सात."

आयुष्यभर मोजमापाचं काम केलेला माणूस. "म्हणजे मोजपट्टी तूच आधी वाकवून ठेवलीस," ते म्हणाले, "आता तुझं किती गेलं हे कोणाला कळायचं नाही. मलाही नाही." आणि त्यांनी चष्मा काढला. बाबांना मी त्या आधी फक्त आजोबा गेल्याची तार आली तेव्हा चष्मा काढताना बघितलं होतं.

मायक्रोवेव्ह वाजला. आईने दार उघडलं नाही. पाठमोरीच म्हणाली, "उद्या सकाळी त्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं."

"आई, जागा जाईल माझी."

"तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. तासभर लागेल आणि सगळ्या हॉलला कळेल."

मी हसलो, आणि मग ते हसणं काही मला आवरता येईना, कारण ते हसणं राहिलं नव्हतं.

सोमवारी सांगितलं. बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, फक्त त्यांनी स्वतःची सही असलेला कागद काढून पुन्हा वाचला, आणि त्याची मला जास्त लाज वाटली. मला बसवलं. दोन आठवड्यांनी तो कारकून कपाटाशी आला, प्लेबुक घेऊन ये म्हणाला. त्या दिवशी मेधाला फोन केला आणि तिलाही पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी ओळखलं म्हणून सांगून राहिलास. नाहीतर मला कधी कळलं असतं?" तिने विमान कितीला उतरतं ते विचारलं आणि फोन ठेवला.

तो हिवाळा आम्ही जर्सी सिटीच्या एकविसाव्या मजल्यावर काढला. ती सकाळी आठला जायची, मी खिडकीशी बसायचो. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं की आधीचं खरं माप हाताशी नाही, तेव्हा किती गेलं आणि पुढे काय होईल ते सांगता येणार नाही. दिसायला मी ठीक होतो. आजही तसाच आहे. एप्रिलमध्ये फोन आला, पाचव्या संघाचा. त्यांना शिबिरासाठी अंग हवं होतं. मी म्हटलं उद्या कळवतो. आणि खोटं कशाला बोलू, तो फोन ठेवला तेव्हा माझ्या तळहातांना घाम आला होता, जायच्या इच्छेने.

शनिवार होता. मेधाने काही वाद घातला नाही. ऑफिसच्या वहीतला एक कागद फाडला, माझ्यापासून हात आडवा धरून त्यावर काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. बारा शब्द होते, तिच्या मनाने निवडलेले. फणस, किल्ली, मावशी, पूल, असे काही. मग तिने कांदेपोहे केले, आम्ही ते खाल्ले, तिने भांडी विसळली. हात पुसत टेबलाशी आली.

"आता सांग. जेवढे आहेत तेवढे. कमी नको, जास्त नको."

मी सांगितले. एकदा थांबलो, एकदा चुकीचा शब्द आला तो परत घेतला. तिने कागदावर खुणा केल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"आठ," ती म्हणाली.

"पास?" मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली. "पास-नापास काही नाही. हे आठ म्हणजे आता आपले पूर्ण. ह्यातला एकही मी कोणाला देणार नाही."